पंच म्हणून सही करण्याआधी

बोरिवलीच्या एका लॉजवर धाड पडली तेव्हा पोलिसांना बाई पंच हवी होती. 1956च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे पोलिसी बोलीतल्या ‘पीटा’च्या कलम 15 प्रमाणे विनावॉरंट झडतीला किमान दोन प्रतिष्ठित पंच लागतात आणि त्यांत एक तरी स्त्री असावी लागते. ‘कोर्टकचेरी नको’ म्हणून आजूबाजूची दारं बंद झाली. मी गेले. तिथे जे पाहिलं ते सांगते, कारण उद्या अंधेरीत किंवा मुलुंडला तुम्हालाही असंच बोलावणं येऊ शकतं.

लॉजचा माणूस खुर्चीवर बसला होता आणि मुली खाली फरशीवर, ओढणीत तोंड खुपसून. एकीला हिंदी धड येत नव्हतं. आपल्यालाच अटक झालीय असं समजून ती थरथरत होती. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढले. रात्रीपर्यंत ते आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होते, चेहरे स्पष्ट दिसत होते. त्यांतला एक तिच्या गावापर्यंत पोचला आणि घरच्यांनी तिला परत घ्यायला नकार दिला, हे पुढे एका कार्यकर्तीकडून कळलं. दलालाच्या हातून सुटलेल्या मुलीचं घर त्या फोटोने तोडलं. धाड, अटक किंवा सुटकेच्या वेळी या स्त्रियांची ओळख उघड होता कामा नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 रोजी बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात स्पष्ट बजावलं आहे. अठराच्या आतली मुलगी असेल तर तिची ओळख फोडणं हा गुन्हाच आहे. तेव्हा खोलीत कुणी फोन उचलला तर तिथल्या तिथे हरकत घ्या. पंचाला तेवढा अधिकार नक्कीच आहे.

झडतीला किमान दोन महिला पोलीस असायला हव्यात. मुलींचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा. ती नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेची कार्यकर्ती समोर हवी. पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. मुलीची पर्स, मोबाइल, आधार कार्ड, जवळचे पैसे तिच्याच नावापुढे लिहिलेत ना, हे बघा. मालकाच्या मुद्देमालात तिची कमाई जमा झाली, तर ती परत मिळवणं तिला फार जड जातं.

वय हा सगळ्यात कळीचा मुद्दा. अठरापेक्षा लहान असल्याची नुसती शंका आली तरी 1098 ही बाल हेल्पलाइन लावा. तिला चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे नेणं बंधनकारक आहे. तिथे तिच्या संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही.

सज्ञान स्त्रीची गोष्ट निराळी, आणि इथेच सज्जन माणसं गडबड करतात. 2019 साली मालाडमध्ये पोलिसांनी तीन तरुणींची सुटका केली आणि खालच्या कोर्टाने त्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध वसतिगृहात ठेवण्याचा आदेश दिला. सप्टेंबर 2020 मध्ये न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी मुंबई उच्च न्यायालयात तो रद्द केला. वेश्याव्यवसाय करणं हा ‘पीटा’खाली मुळात गुन्हा नाही, आणि सज्ञान स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध डांबून ठेवता येत नाही, असं त्यांनी म्हटलं. मला तो निकाल मनापासून पटतो. दलालाने कोंडलेल्या बाईला आपण दुसऱ्या कुलपामागे ठेवलं, तर तिचं काय सुटलं? तिला काय हवंय ते आधी विचारा, तिच्या भाषेत, मालक आणि त्याचा वकील ऐकत नसताना. निवारा हवा असेल तर कांदिवलीत रेस्क्यू फाउंडेशनसारखी संस्था आहे. वकील हवा असेल तर 15100 वर मोफत विधी सहाय्य मिळतं, नुकसानभरपाईचा अर्जही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच जातो.

आणि फक्त लॉजकडे बघू नका. घाटकोपरच्या टॉवरमध्ये एजंटने आणून ठेवलेली, कधीच खाली न उतरणारी, पगार आणि फोन दोन्ही दुसऱ्याच्या ताब्यात असलेली घरकामाची मुलगी हीसुद्धा भारतीय न्याय संहितेच्या मानवी तस्करीच्या कलम 143 मध्ये बसू शकते. अशा वेळी स्वतः दार ठोठावून जाब विचारायला जाऊ नका, कारण त्याच रात्री तिला दुसरीकडे हलवतात. काय दिसलं, कधी दिसलं, कोणती गाडी येते, ते टिपून 112 ला कळवा.

पंच म्हणून साक्षीचं समन्स यायला वर्षं लागतात. तोवर लॉजवाले ओळख काढतात, गोड बोलतात, ‘ताई, तुम्हाला कशाला त्रास’ म्हणतात. पंच फितूर झाला की खटला लंगडा पडतो. म्हणून घरी आल्याबरोबर त्याच रात्री सगळं स्वतःच्या अक्षरात, तारीखवेळेसह लिहून ठेवा. लगेच लिहिलेलं असं टिपण आठवण ताजी करायला साक्षीदाराला पिंजऱ्यात पाहता येतं, आणि दबाव आला तर साक्षीदार संरक्षणासाठी अर्जही करता येतो.