चाकामागचं काळं प्लास्टिक

गाडी धुतली म्हणजे आपण काय करतो? टप, बॉनेट, काचा चकाचक, टायरला पॉलिश आणि झालं! पण मडगार्डच्या आत, चाकाच्या वर कमानीसारखं जे प्लास्टिक असतं, तिकडे कोणी वाकून बघतं का? पावसाळ्यानंतर ते काळं न राहता राखाडी, पांढरट किंवा कोकणातून आलेल्या गाडीत चक्क तांबूस झालेलं असतं. याचं नाव व्हील वेल लायनर. गॅरेजमध्ये 'मडगार्डचं आतलं प्लास्टिक' म्हटलं की लगेच कळतं.

चाकाने उडवलेला चिखल आणि खडी आतल्या पत्र्यापर्यंत, वायरिंगपर्यंत पोचू न देणं हे त्याचं काम. बरेचसे लायनर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनचे असतात. पॉलिप्रॉपिलीनवरच्या १९५४ च्या कामासाठी ओळखले जाणारे ज्युलिओ नाट्टा यांना १९६३ मध्ये कार्ल झीगलर यांच्यासोबत नोबेल मिळालं. व्हायवात उपयोगी पडेल!

रंग जातो कुठे?

खरं तर रंग फारसा जातच नाही. प्लास्टिकमध्ये कार्बन ब्लॅक आतपर्यंत मिसळलेला असतो. पण वाळू आणि खडीने पृष्ठभाग खरवडला जातो, कडेला ऊन लागून ऑक्सिडेशन होतं आणि पाण्यातले क्षार सुकून बसतात. अशा खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो, म्हणून काळं राखाडी दिसतं. प्रयोग करून बघा. त्यावर पाणी ओता, लगेच काळं दिसेल! पाणी बारीक खाचा भरतं आणि विखुरणं कमी होतं. वाळलं की पुन्हा राखाडी. ड्रेसिंग हेच काम करतं, फक्त पाण्यासारखं उडून जात नाही.

यातून एक सोपी टेस्टही मिळते. ओलं असतानाही डाग दिसला तर तो चिखल आहे, अजून धुवायला हवं. ओलं असताना एकसारखं काळं दिसलं तरच पुढे जा.

काम कसं करायचं?

१) गाडी सपाट जागी, सावलीत लावा. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, दुसऱ्या टोकाच्या चाकांना दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करा, मग जॅक लावा आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. चाक काढायचं नसेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या बाजूचं बरंच काम होतं.

२) आधी नुसत्या पाण्याने चिखल भिजवा. कोरडा घासलात तर आणखी ओरखडे! मग कार शाम्पू आणि लांब दांड्याचा ब्रश.

३) पूर्ण वाळू द्या. मग पाण्यावर आधारित ड्रेसिंग स्पंजवर घेऊन पातळ लावा, जास्तीचं पुसून टाका. फवारू नका. ते ब्रेकच्या डिस्कवर गेलं तर ब्रेक नीट लागणार नाही, आणि चकाकीपेक्षा ब्रेक महत्त्वाचा!

रॉकेल, डिझेल किंवा जुनं इंजिन ऑइल लावायचा सल्ला हमखास मिळतो. त्याने धूळ चिकटते आणि आसपासचं रबर फुगतं. रंगही मारू नका. पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठीय ऊर्जा सुमारे ३० मिलिन्यूटन प्रति मीटर, म्हणजे खूप कमी, त्यामुळे साधा रंग धरत नाही. खास प्रायमर लावून धरला तरी खडीने उडतो. काही गाड्यांत लायनर फेल्टसारखा असतो, त्याला फक्त पाणी आणि ब्रश, ड्रेसिंग नाही.

काळं करण्याआधी

क्लिपा तुटल्या आहेत का, लायनर चाकाला घासतो आहे का, तडा गेला आहे का, हे आधी बघा. तडा ड्रेसिंगने फक्त झाकला जातो. त्यातून आत गेलेला चिखल मडगार्डच्या कडेवर साठतो, ओल धरतो आणि पत्रा मागून गंजतो. बाहेर रंगाला फुगवटा दिसेपर्यंत आत बरंच खाल्लेलं असतं.

आपल्यापैकी बहुतेकांची पहिली गाडी सेकंडहँडच असणार. घेताना लायनर अगदी नव्यासारखा काळा दिसला तर खूश व्हायच्या आधी बोटाने क्लिपा हलवून बघा आणि मडगार्डची आतली कड चाचपा. हाताला माती किंवा गंजाचे पापुद्रे लागले तर किमतीचं बोलणं तिथूनच सुरू करा!