आधी चुका मोजू, मग वर्ष

मनू, काल दहा नंबरच्या बाजारात मेथी निवडता निवडता तू एकदम म्हणालीस, "ताई, मी ड्रॉप घेते," आणि पुढे घरी येईपर्यंत बोललीच नाहीस. रात्री मला झोप लागली नाही.

लॉच्या प्रवेशपरीक्षेचा, क्लॅटचा, निकाल लागून आठच दिवस झालेत. सध्या तुझ्या डोक्यात परीक्षा कमी आणि 'रँक किती आला गं?' विचारणारी कॉलनीच जास्त आहे. मला हे कळतं, कारण मी असंच ठरवलं होतं. निकालाच्या तिसऱ्या दिवशी बाबांना सांगून टाकलं, परत देणार म्हणून. एमपी नगरातल्या त्याच क्लासला परत नाव घातलं, त्याच वह्या परत वाचल्या. लीगल रीझनिंग आवडायचं, म्हणून तेच पुन्हा पुन्हा केलं. चालू घडामोडींना हात लावायचा कंटाळा, म्हणून त्या तशाच राहिल्या. वर्षभरानं गुण वाढले सात. त्या सात गुणांसाठी मी केवढी झुरले, हे आईला अजून ठाऊक नाही.

म्हणून सांगते, प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका घेऊन बस. एकशेवीस प्रश्न, दोन तास. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिही. माहीतच नव्हतं तर 'म', उतारा नीट वाचला नाही तर 'व', वेळ संपत आला म्हणून ठोकून दिलं तर 'ठ'. 'ठ' नीट मोज. चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, म्हणजे वीस ठोकताळे चुकले की हातातले पाच गुण गेले, आणि वरच्या रँकांत पाच गुणांमध्ये पुष्कळ मुलं बसतात. 'व' आणि 'ठ' जास्त निघाले तर पुन्हा दे, मी तुझ्या पाठीशी आहे. त्या सवयी आठ महिन्यांत सुटतात. 'म' बहुतेक चालू घडामोडींत असतील तरी दे, पण मग रोज सकाळी पेपर वाचायचा, त्यात सुट्टी नाही. आणि मॉक टेस्टमध्ये सगळं करूनही गुण महिनोन् महिने एकाच जागी अडले असतील, तर थांब. अजून एका वर्षानं ते हलतील असं मला मनापासून वाटत नाही.

आठ महिने का म्हणाले? परीक्षा आता डिसेंबरात होते. तुझी बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात. तोवर क्लॅटचं पुस्तक उघडूसुद्धा नकोस. बारावीला पंचेचाळीस टक्के लागतातच, आणि दुसऱ्या कुठल्या कॉलेजात जायचं झालं तर हेच गुण उपयोगी पडतील. एप्रिल ते नोव्हेंबर, एवढाच खरा ड्रॉप. वयाची अट नाही, किती वेळा द्यायची यालाही बंधन नाही. त्यामुळे एखाद्या कॉलेजात प्रवेश घेऊन, तिथं शिकत शिकतही देता येते. माझ्या वर्गात नर्मदापुरमहून रोज भोपाळपर्यंत अप-डाउन करणारी एक मुलगी होती. बी.ए.चं पहिलं वर्ष करत, गाडीत बसून उतारे वाचायची. दुसऱ्या खेपेला तिचं काम झालं. हातात काहीतरी आहे म्हटल्यावर तिचा हात पेपरात थरथरला नाही, असं तीच म्हणायची.

आणखी एक, आपल्या घरात कोणी बोलत नाही ते. आपण घरात मराठी बोलतो, काका पुण्याचं आयएलएस म्हणत बसतात, पण तुझा मूळनिवासी दाखला मध्य प्रदेशाचा आहे. महाराष्ट्राच्या सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नसलं तरी तिथं तू बाहेरची, आणि बाहेरच्यांना जागा मोजक्याच. उलट इथं भोपाळला केरवा रस्त्यावरच्या एनएलआययूत आणि जबलपूरच्या धर्मशास्त्र विद्यापीठात राज्यातल्या मुलांसाठी राखीव जागा आहेत. नुसत्या ऑल इंडिया रँककडे बघून रडू नकोस. या कोट्यात मागच्या वर्षी शेवटची जागा कुठल्या रँकला गेली, ते आधी बघू. कदाचित जबलपूर आत्ताच हाताशी असेल. तसं निघालं तर प्रवेशाच्या पुढच्या फेऱ्यांपर्यंत थांब, पण हे थांबणं लांबूही शकतं. 2024 च्या डिसेंबरातल्या परीक्षेची उत्तरतालिका कोर्टात गेली होती, सुप्रीम कोर्टाचा निकाल 2025 च्या मे महिन्यात आला, आणि तोवर मुलं घरी ताटकळत बसली होती.

काकांशी एवढ्यात काही बोलू नकोस. रविवारी सकाळी ये, पेपर आण, दाखलाही आण. अक्षरं आपण दोघी मिळून लिहू.