छातीतली कळ, ‘गॅस’ आणि वाया गेलेले तास

परवा पहाटे साडेपाचला एक किराणा दुकानदार माझ्या दवाखान्यात आले. वय ५२. रात्री अकरापासून छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटत होते, डावा हात भरून आला होता, दरदरून घाम फुटला होता. घरच्यांनी आधी ओवा-सोडा दिला, मग आल्याचा रस, मग छातीला बाम. “डॉक्टरसाहेब, गॅसच आहे, एखादे इंजेक्शन देऊन टाका,” असे ते म्हणाले. ई.सी.जी. काढला आणि हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसला. मोलाचे साडेसहा तास निघून गेले होते.

अशी चूक फक्त अडाणी माणसेच करतात, असे समजू नका. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर डेन्व्हर येथे सुटीवर होते. दुपारच्या जेवणात कांदा घातलेला हॅम्बर्गर खाल्ला, गोल्फ खेळताना पोटात जळजळ झाली. मध्यरात्रीनंतर छातीत दुखू लागले. त्यांचे डॉक्टर तातडीने आले. पण सकाळी वार्ताहरांना सांगण्यात आले ते अपचनाचेच! ई.सी.जी. निघाला दुसऱ्या दिवशी दुपारी. तेव्हा खरा आजार जगाला कळला.

वाचकहो, या दुखण्याचे वर्णन मात्र फार जुने आहे. चालताना छाती आवळली जाते आणि थांबले की बरे वाटते, हे लंडनच्या डॉ. हेबर्डन यांनी १७६८ सालीच नीट सांगितले होते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली, तरी रोगी जगू शकतो, हे शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले. हॉलंडच्या आइन्थोव्हेन यांच्या ई.सी.जी. यंत्रामुळे निदान हाती आले. त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

निदान झाले, पण उपचार काय? विश्रांती! चार ते सहा आठवडे रोग्याने बिछान्यातून हलायचे नाही. या सक्तीच्या विश्रांतीने पायात गुठळ्या होत आणि काही रोगी त्यानेच दगावत. १९५२ मध्ये बोस्टनच्या डॉ. लेव्हाइन आणि डॉ. लाऊन यांनी रोग्यांना लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केली. आयसेनहॉवर यांनाही काही दिवसांतच खुर्चीत बसवले गेले. तरीही त्यांना सुमारे सात आठवडे रुग्णालयात राहावे लागले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले, ही गोष्ट वेगळी.

१९६० नंतर हृदयरोग्यांसाठी स्वतंत्र अतिदक्षता विभाग निघाले. ठोके बिघडले की विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणता येऊ लागले. १९७७ साली झुरिचमध्ये डॉ. ग्रुंटझिग यांनी चिंचोळी झालेली धमनी बारीक फुग्याने रुंद केली. हीच अँजिओप्लास्टी. १९८६ मध्ये इटलीतील अकरा हजारांहून अधिक रोग्यांच्या अभ्यासातून गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा गुण सिद्ध झाला. ज्यांना पहिल्या तासाभरात ते मिळाले, त्यांच्यातील मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. उशीर होत गेला तसा फायदाही घटत गेला.

या साऱ्या इतिहासाचे सार एकच. आयसेनहॉवर यांच्या वेळी डॉक्टर वेळेवर पोचले, पण हातात फारसे उपाय नव्हते. आज उपाय आहेत, पण रोगीच वेळेवर पोचत नाही. धमनी बंद पडली की हृदयाचा स्नायू मरू लागतो आणि मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही.

म्हणून एवढे लक्षात ठेवा :

• छातीत दाब, आवळल्यासारखे दुखणे, ते हात, जबडा किंवा पाठीकडे जाणे, सोबत घाम किंवा धाप असेल, तर गॅस समजून वाट पाहू नका.

• स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांना कळ न येता नुसती धाप, मळमळ किंवा थकवा जाणवू शकतो.

• चालत किंवा स्वतः गाडी चालवत जाऊ नका. १०८ वर फोन करा, किंवा मिळेल त्या वाहनाने ई.सी.जी.ची सोय असलेल्या जवळच्या दवाखान्यात जा.

• पहिला ई.सी.जी. चांगला आला तरी दुखणे चालू असल्यास तो पुन्हा काढावा लागतो. घरी जाण्याची घाई करू नका.

आमचे दुकानदार वाचले. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. पण हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला. पूर्वी सहज उचलत ते धान्याचे पोते आता मुलगा उचलतो. दुखणे गॅसचे निघाले, तर फार तर एका ई.सी.जी.चे पैसे जातील. हृदयाचे निघाले, तर घरचा कर्ता माणूस वाचेल. हा हिशेब दुकानदाराला तरी समजावून सांगायला नको!