कुत्रा आधी आला, तरी चावला कोण?

प्रश्न : रशियन आणि जर्मनमध्ये शब्द कुठेही ठेवले तरी चालतात का?

उत्तर : रशियनमध्ये बरंचसं चालतं, जर्मनमध्ये जरा जपून. 'सबाकू उकुसील माल्चिक' या वाक्यात कुत्रा पहिला, तरी चावलाय मुलगाच! 'सबाका'चं 'सबाकू' झालं की ते कर्म, आपल्या 'कुत्र्याला'सारखंच. अर्थात क्रम बदलला की रोख बदलतो. नवी बातमी सहसा शेवटी येते. 'मात ल्युबित दोच' म्हणजे 'आई मुलीवर माया करते', यात मात्र दोन्ही नामांची रूपं बदलतच नाहीत. मग पहिली ती माया करणारी आई, असंच धरतात. जर्मनमध्ये 'डेन हुंट बाइस्ट डेर मान' म्हणजेही माणूसच कुत्र्याला चावतो. पण साध्या विधानात क्रियापद दुसरी जागा सोडत नाही. गौणवाक्यात ते शेवटी जातं, तिथे मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटतं.