अंडे, ऊब आणि वंशावळ : 'आर्क' या खेळातील प्राणिपैदाशीचा विचार

संगणकावरील खेळ हा विषय महाविद्यालयाच्या वार्षिकांकात अभ्यासलेखासाठी घ्यावा काय, अशी शंका काही प्राध्यापकांच्या मनात येणे साहजिक आहे. तथापि जो खेळ खेळणाऱ्याला आठवडेच्या आठवडे एकच काम करावयास लावतो, तो त्या कामातून त्याला काहीतरी शिकवीतही असतो. हे शिक्षण कोणते, त्यातले खरे किती आणि गाळलेले किती, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

'आर्क : सर्व्हायव्हल इव्हॉल्व्ह्ड' हा खेळ स्टुडिओ वाइल्डकार्ड या अमेरिकन संस्थेने २०१५ साली प्रथम खेळाडूंच्या हाती दिला आणि २०१७ साली तो पूर्ण स्वरूपात बाहेर आला, २०२३ मध्ये त्याची नवी सजविलेली आवृत्तीही निघाली. एका अनोळखी बेटावर उघडावाघडा जागा झालेला माणूस दगडाची कुऱ्हाड करतो, झोपडी बांधतो आणि आजूबाजूला हिंडणारे डायनोसॉर माणसाळवितो. खेळाचा हा पूर्वार्ध मारामारीचा आहे, आणि त्याविषयी येथे लिहिण्याचे कारण नाही. आपला विषय आहे तो उत्तरार्ध, म्हणजे माणसाळलेल्या नरमादीपासून पिले मिळविणे. रानातून पकडलेला प्राणी कितीही चांगला असला तरी घरी वाढविलेल्याची सर त्याला येत नाही, अशी खेळाची रचनाच असल्यामुळे जुना खेळाडू हळूहळू शिकारी न राहता गोठेवाला होतो.

पद्धत अशी. नर व मादी शेजारी ठेवली की ठराविक वेळाने मादी फलित अंडे घालते. हे अंडे नुसते ठेवून भागत नाही, त्याला ऊब द्यावी लागते, आणि प्रत्येक जातीच्या उबेची मर्यादा वेगळी असते. टायरॅनोसॉरसचे, म्हणजे खेळाडू ज्याला 'रेक्स' म्हणतात त्याचे, अंडे ३२ ते ३४ अंश सेल्सियस या अरुंद पट्ट्यातच उबते. जिगॅनोटोसॉरस या महाकाय मांसभक्षकाच्या अंड्याला ४३ ते ४४ अंश लागतात. तापमान या पट्ट्याबाहेर गेले की अंड्याचे आरोग्य उतरू लागते आणि शेवटी अंडे मरते. म्हणून गरीब खेळाडू अंड्याभोवती मशाली आणि शेकोट्या पेटवितो, एक विझवून पाहतो, दुसरी जरा दूर सरकवितो. श्रीमंत खेळाडू वातानुकूलन यंत्रांची रांग लावतो. मधला एक मार्ग मला फार आवडतो. पाठीवर शिडासारखा पंखा असलेला डायमेट्रोडॉन नावाचा प्राणी माणसाळवून अंड्यांजवळ उभा केला, की तो आपल्या अस्तित्वाने आसपासची हवा अंड्यांना मानवेल अशी ठेवतो. जिवंत उबारा! आजीबाईंनी खुडूक कोंबडीखाली दुसरीची अंडी ठेवावीत, तसाच हा प्रकार.

खरी कसोटी अंडे फुटल्यावर लागते. रेक्सचे अंडे मूळ प्रमाणानुसार सुमारे पाच तासांत फुटते, परंतु पिलू पूर्ण वाढण्यास ३ दिवस २० तासांहून अधिक काळ जातो, आणि हा काळ खेळातला नव्हे, आपल्या भिंतीवरच्या घड्याळातला. यातील पहिला दहावा हिस्सा, म्हणजे नऊ तासांहून थोडा जास्त वेळ, पिलू गव्हाणीतून खाऊ शकत नाही; त्याला हाताने भरवावे लागते. त्याची भूक मोठी आणि जवळ साठविण्याची शक्ती थोडी, त्यामुळे एकदाच भरपूर मांस देऊन निघून जाणे शक्य नसते. जिगॅनोटोसॉरसची तर गोष्टच वेगळी. त्याच्या वाढीला १० दिवस लागतात आणि हाताने भरविण्याचा काळच चोवीस तासांच्या वर जातो. आमच्या वसतिगृहात दोघा मित्रांनी या कामासाठी पाळ्या लावून घेतल्या होत्या. पहाटे तीनला गजर होई तो अभ्यासासाठी आहे, अशी बाकीच्यांची प्रामाणिक समजूत होती. निरनिराळ्या लोकांनी चालविलेल्या केंद्रांवर हे वेग वाढविलेले असतात हे खरे, पण मूळ खेळाने मागितलेली किंमत ही अशी आहे.

याला जोडून 'इम्प्रिंटिंग' नावाची व्यवस्था आहे. दर आठ तासांनी पिलू काहीतरी मागते. कधी त्याला कुरवाळून घ्यायचे असते, कधी फिरून यायचे असते, तर कधी एखादा विशिष्ट खाऊ हवा असतो. ही मागणी वेळेवर पुरविली तर प्राण्याचे गुण वाढत जातात. एकही पाळी न चुकता त्याला मोठे केल्यास गुणांत २० टक्क्यांपर्यंत वाढ होते, शिवाय ज्याने वाढविले तोच स्वार असेल तर मारा ३० टक्क्यांनी वाढतो आणि झळ तितकीच कमी बसते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा शब्द परिचित आहे. ऑस्ट्रियाच्या कोनराड लॉरेन्झ यांनी हंसाच्या पिलांवर केलेल्या निरीक्षणांतून तो रूढ झाला आणि १९७३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. पण लॉरेन्झ यांच्या पिलांनी जन्मानंतरच्या थोड्याच तासांत समोर दिसलेल्या हलत्या वस्तूला आई मानले, आणि ती तिच्यामागे चालू लागली. बांधले गेले ते पिलू. येथे बांधला जातो तो माणूस. शब्द तोच ठेवून खेळाने दोरीची टोके अदलाबदल केली आहेत.

या साऱ्यात पिलाची आई कुठे असते? ती तेथेच, चार पावलांवर उभी असते, आणि तिला काही देणेघेणे नसते. अंडे घातले की तिचे काम संपले. प्रत्यक्षात डायनोसॉरांविषयी जे समजले आहे ते याच्या अगदी उलट आहे. १९२३ साली मंगोलियात अमेरिकन संशोधकांना अंड्यांच्या घरट्याजवळ एका प्राण्याचा सांगाडा मिळाला. तो दुसऱ्याची अंडी चोरताना मेला असावा, असे समजून १९२४ मध्ये त्याचे नाव 'ओव्हिरॅप्टर', म्हणजे अंडीचोर, असे ठेवण्यात आले. पुढे १९९३ मध्ये तशाच अंड्यात ओव्हिरॅप्टरच्याच कुळातील भ्रूण सापडला. म्हणजे अंडी चोरीची नव्हती, त्याच्या कुळाचीच होती. त्याच कुळातील प्राण्यांचे घरट्यावर पाय दुमडून, बाहू पसरून बसलेले सांगाडेही नंतर मिळाले. सत्तर वर्षे चोर म्हणून बदनाम झालेला जीव बहुधा उबवणारा पालक होता! 'आर्क'मध्ये मात्र ओव्हिरॅप्टर आजही अंडी पळवतोच. वेळेचेही तसेच. भ्रूणांच्या दातांवरील वाढीच्या रेषा मोजून २०१७ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानुसार प्रोटोसेराटॉप्सचे अंडे उबण्यास सुमारे ८३ दिवस आणि हायपॅक्रोसॉरसचे उबण्यास सुमारे १७१ दिवस लागत असावेत. खेळातील पाच तास हे त्यापुढे काहीच नव्हेत. पण एवढी सूट खेळाला देण्यास हरकत नसावी.

सूट देता येणार नाही असा भाग आनुवंशिकतेचा आहे, आणि लेखाचे खरे प्रयोजन तेच आहे.

प्रत्येक प्राण्याला आरोग्य, दमसास, वजन पेलण्याची शक्ती, मारा असे वेगवेगळे गुण असतात. पिलू प्रत्येक गुण आईकडून किंवा वडिलांकडून स्वतंत्रपणे घेते, आणि दोहोंपैकी चढा आकडा मिळण्याची शक्यता ५५ टक्के असते. समजा चार गुण हवे आहेत. चारही चढेच यावेत याची शक्यता नऊ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अकरा पिलांत एक. शिवाय ते नरच हवे असेल तर बावीसांत एक. याखेरीज अधूनमधून गुणबदल, म्हणजे 'म्युटेशन', होते. त्यासाठी अडीच टक्क्यांचे तीन डाव पडतात, म्हणून शंभर पिलांत सरासरी सात पिलांत काही बदल दिसतो. बदल झाला की एखादा गुण दोन पायऱ्यांनी वर चढतो आणि कातडीच्या एखाद्या भागाचा रंगही पालटतो. पण चढणारा गुण आपल्या उपयोगाचा असेल असे नाही. म्हणून जाणते खेळाडू एका उत्तम नरासमोर डझनावारी माद्या ठेवतात, त्या बहुधा त्याच्याच बहिणी किंवा मुली असतात, आणि शेकडो अंडी उबवून त्यांतले एखादेच ठेवतात.

आता यात काय गाळले आहे ते पाहा. पहिली गोष्ट, खेळात गुणबदल नेहमी वरच चढवितो. निसर्गात बहुतेक बदलांचा परिणाम दिसत नाही, दिसला तर अपायाचाच संभव अधिक, आणि लाभाचा बदल विरळा. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बापलेकींचा, भावंडांचा संकर पिढ्यान्‌पिढ्या चालविला तरी खेळात त्याची कोणतीही शिक्षा नाही. प्रत्यक्षात प्रत्येक जीव काही दोष दडवून वाहत असतो. तो दोष आईबापांपैकी एकाकडूनच आला तर झाकला जातो, दोघांकडून आला तर उघडा पडतो. आणि जवळच्या नातलगांत तो दोघांकडे असण्याचा संभव वाढतो.

याचे आपल्याच देशातले उदाहरण पांढऱ्या वाघांचे आहे. १९५१ साली रेव्याच्या जंगलात महाराजा मार्तंडसिंह यांनी एक पांढरा बछडा पकडविला. त्याचे नाव मोहन. नेहमीच्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला एकही पांढरे पिलू झाले नाही. मग त्याच्याच राधा नावाच्या मुलीशी त्याची जोडी लावली, तेव्हा १९५८ मध्ये चार पांढरी पिले झाली. प्राणिसंग्रहालयांतील पांढऱ्या वाघांपैकी बहुतेकांची वंशावळ मोहनपर्यंत पोचते. 'आर्क' खेळणाऱ्याने जे केले असते, तेच येथे झाले. फरक एवढाच की येथे हिशेब चुकता करावा लागला. पांढऱ्या रंगाबरोबर डोळ्यांतील तिरळेपणा आला, आणि जवळच्या संकराच्या पुढच्या पिढ्यांत फाटलेली टाळू, वाकडा कणा, लवकर मरणारी पिले अशा व्यथा दिसल्या. जोडी लावणाऱ्यांना त्या भोगाव्या लागल्या नाहीत, वाघांना लागल्या.

उरलेल्या पिलांचे काय होते, हाही प्रश्न आहे. शेकडो अंड्यांतून एक निवडले, बाकीची? खेळाडूंत सर्रास चालणारा व्यवहार असा की ती मारून टाकतात आणि त्यांचे मांस निवडलेल्या पिलाला भरवितात. दर आठ तासांनी कुरवाळणारा हात आणि हा हात एकच. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून कासवांची अंडी किनाऱ्यावरच्या कुंपणात जपली जातात. तेथेही ऊब महत्त्वाची असते. वाळू अधिक तापली तर माद्या जास्त निपजतात, कमी तापली तर नर. पण फुटलेल्या अंड्यातले प्रत्येक पिलू, दुबळे असो की सबळ, समुद्राकडे सोडले जाते. एकाच कामाच्या या दोन रीती आहेत.

काही मित्र म्हणतील, पडद्यावरचा प्राणी मेला म्हणून कोणाचे काय गेले? काही गेले नाही, हे मला मान्य आहे. ज्या रीतीने हा खेळ रात्री जागवून पालनाचे कष्ट अंगी भिनवितो, ती मला प्रामाणिकही वाटते. अंड्याची ऊब आणि पिलाची भूक यांना सवलत नाही, हे त्याने बरोबर ओळखले आहे. तक्रार आहे ती असमान हिशेबाची. पालनाची किंमत त्याने मिनिटामिनिटाने वसूल केली आणि शुद्ध वंशाची किंमत शून्य ठेवली. माणसांच्या बाबतीत शुद्ध वंशाचा हाच फुकटचा हिशेब मांडणारे विसाव्या शतकात झाले, आणि त्याचे काय झाले ते इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.

ज्यांना प्रत्यक्ष करून पाहावयाचे आहे त्यांनी जिगॅनोटोसॉरसच्या वाटेस न जाता डोडोपासून आरंभ करावा. त्याच्या अंड्याला २२ ते ३० अंश चालतात, म्हणजे बेटावर बऱ्याच ठिकाणी मशालीचीही गरज पडत नाही. ते ५० मिनिटांत फुटते आणि पिलू दोन दिवसांच्या आत वाढते. सतराव्या शतकात मॉरिशसमधून नाहीसा झालेला हा बापडा पक्षी लढाईत कोणाच्याही उपयोगाचा नाही, त्यामुळे त्याची निवड करण्याचा मोहही होत नाही. शनिवारी सकाळी अंडे ठेवले तर सोमवारच्या पहिल्या तासिकेला वेळेवर येता येते.