पाटी पुसायची, दुकान नाही

भाच्या, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या डिझाइनचं विंडोजचं जुनं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायचं असेल, तर वाइन टाकून एकदा चालव, पण सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी होम फोल्डरमधलं लपलेलं .वाइन उघडून बघ. आत डॉसडिव्हायसेस नावाचं फोल्डर आहे. त्यातले सी: आणि झेड: हे खरे ड्राइव्ह नाहीत, सिम्लिंक आहेत. झेड: तर थेट रूटला जाते, म्हणजे अख्खी डिस्क. ‘डॉक्युमेंट्स’सुद्धा बहुतेक तुझ्या खऱ्या फोल्डरकडेच वळवलेलं असतं.

सिम्लिंक म्हणजे बंद शटरवरची ‘दुकान नवी पेठेत हलवले आहे’ ही पाटी. लिनक्सला पाटी वेगळी, दुकान वेगळं कळतं. वाइन मात्र कित्येक वर्षं विंडोजच्या प्रोग्रामला पाटी दाखवायचंच नाही, सरळ दुकानात न्यायचं. मग प्रोग्राम म्हणाला, ‘हे फोल्डर आतल्यासकट पुस’, की माल गेला! म्हणून वाइनच्या सेटिंगमध्ये ‘लिंक टू’ची खूण काढ, झेड: काढ, डिझाइनच्या फोल्डरला वेगळं अक्षर दे. अर्थात हे कुलूप नव्हे. वाह्यात प्रोग्राम तरीही बाहेर जाऊ शकतो.

वाइन लिहिणाऱ्यांना शिव्या देऊ नकोस. युनिक्सकडे सिम्लिंक १९८३च्या ४.२ बीएसडीत आली. वाइन १९९३चं, आणि विंडोजला खरी सिम्लिंक मिळाली २००७ला बाजारात आलेल्या व्हिस्टात. सुरुवातीला जुळवायला समोर काही नव्हतंच.

वाइनचा कोड दुरुस्त करायला बसलास, तर दोन जागा आधी तपास. पहिली म्हणजे पाथमधली दोन टिंबं. विंडोज ती फाइल उघडण्याआधीच अक्षरांवरून छाटून टाकतं. लिनक्स आधी लिंकमागे जातं, मग एक पायरी वर चढतं. एकच पाथ, पोचतो दोन ठिकाणी. यात भले भले फसतात. दुसरी जागा लिंक बनवतानाची. ती फाइलची की फोल्डरची हे विंडोजला तेव्हाच सांगावं लागतं, लिनक्स विचारतसुद्धा नाही. पलीकडचं फोल्डर अजून बनलंच नसेल, तर तुझा कोड अंदाज करणार आणि चुकणार.

बॅकअप ‘सीपी -ए’नं घे. पेनड्राइव्ह एक्सफॅट असेल तर त्यावर लिंक टिकत नाही, टार करून ने.

आणि पार्टीचं डिझाइन उघडण्याआधी एक खोटं फोल्डर कर, त्यात फाइली टाक, त्याला लिंक दे, विंडोजच्या बाजूनं ती लिंक पुस. पलीकडच्या फाइली शाबूत राहिल्या, तरच कामाला लाग.