बस अनुदानातून येते, किलोमीटर कुठून?

विजेवरच्या बसचा प्रस्ताव महापालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढे येतो, तेव्हा त्यातल्या एका पानावर योजनांची नावे आणि त्यांच्यासमोर रकमा असतात. केंद्राचे इतके, राज्याचे इतके, वित्त आयोगाचे इतके, आणि खाली बेरीज. ही बेरीज बहुतेक वेळा बरोबर असते आणि तरीही प्रकल्प पुढे अडखळतो. असे प्रस्ताव आणि त्यांची पुढची वाटचाल पाहून माझे मत असे झाले आहे की, कोणत्या योजनेतून किती मिळेल हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की कोणत्या खर्चाला कोणतीच योजना हात लावत नाही? तो खर्च आधी कागदावर आला नाही तर मिळालेले प्रत्येक अनुदान महापालिकेच्या गळ्यात एक नवे देणे अडकवते.

योजनांचे स्वभाव वेगवेगळे आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे. एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या फेम-२ योजनेत बसच्या बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे २०,००० रुपये मिळत. १२ मीटरच्या बसला कमाल ५५ लाख. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पीएम ई-ड्राइव्हने हा दर १०,००० रुपयांवर आणला आणि कमाल मर्यादा ३५ लाख ठेवली. तीही ४० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या नऊ शहरांसाठी, त्यांत मुंबई आणि पुणे आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेली पीएम ई-बस सेवा बसच्या किमतीला हात लावत नाही, ती धावलेल्या किलोमीटरमागे पैसे देते: १२ मीटरच्या बसला २४ रुपये, ९ मीटरच्या बसला २२, ७ मीटरच्या बसला २०. राज्याच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणात पहिल्या हजार बसना किमतीच्या १० टक्के, जास्तीत जास्त २० लाख रुपये होते. यांच्या जोडीला हवेसाठीचा पैसा: जानेवारी २०१९ चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम, ज्यात महाराष्ट्रातली १९ शहरे आहेत, आणि पंधराव्या वित्त आयोगाने दशलक्षी शहरांसाठी २०२१ ते २०२६ या काळात ठेवलेले सुमारे १२,१०० कोटी. काही पैसा एकदाच मिळतो, काही रोज, काही फक्त निकाल दाखवल्यावर. या तिन्ही प्रकारच्या रकमा एका रकान्यात मांडून बेरीज केली की आकडा मोठा दिसतो, पण त्याला अर्थ उरत नाही.

बेरजेला अर्थ यायचा तर सगळे पैसे प्रतिकिलोमीटर रुपयांत आणावेत. आज बहुतेक शहरांत बस ठेकेदाराची असते, महापालिका त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर देते आणि तिकिटाचे पैसे स्वतःकडे ठेवते. एक बस दिवसाला २०० किलोमीटर धावली तर वर्षाला ७३,००० किलोमीटर होतात आणि १२ वर्षांच्या करारात ८ लाख ७६ हजार. पीएम ई-ड्राइव्हचे कमाल ३५ लाख या किलोमीटरवर पसरले की हाती येतात किलोमीटरमागे चार रुपये. सुरुवातीलाच मिळाल्याने वाचणारे व्याज धरले तर थोडे अधिक. राज्याचे २० लाख म्हणजे सव्वादोन रुपये. ‘बसमागे ३५ लाख’ ऐकून सभागृहात बाके वाजतात. ‘किलोमीटरमागे चार रुपये’ ऐकून कोणी वाजवणार नाही, आणि दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच आहे.

आता किलोमीटरमागे मदत मिळणाऱ्या शहराचे पाहू. पुढचे दर मी उदाहरणासाठी धरलेले आहेत. प्रत्येक शहराने त्यांच्या जागी स्वतःचे घालावेत. ९ मीटरच्या १०० बस, ठेकेदाराचा दर ६५ रुपये, तिकिटाचे उत्पन्न २५ रुपये, केंद्राचे २२ रुपये. तूट किलोमीटरमागे १८ रुपये, म्हणजे वर्षाला १३ कोटी १४ लाख. हा आकडा अनुदानांच्या तक्त्यात कुठेच नसतो, कारण तो देणारी योजनाच नाही. त्यात केंद्राची मदत १० वर्षांची आणि योजनेचा काळ मार्च २०३७ पर्यंतचा. करार १२ वर्षांचा असेल तर शेवटच्या दोन वर्षांत तूट २९ कोटींच्या वर जाते. आगार तयार नाही म्हणून बस २०२८ च्या मध्यावर आल्या, तर दहा वर्षांची मदतही पुरी दहा वर्षे मिळत नाही. उशिराची किंमत मोजताना आपल्याकडे फक्त बांधकामाचा वाढीव दर धरतात. मदतीचे बुडालेले महिने कोणी धरत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की अर्ज करण्याआधी या तुटीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, पहिल्या पाच वर्षांची तरतूद सभेत मंजूर करून घ्यावी आणि तिचा स्रोत नाव घेऊन लिहावा. पुणे परिसरातली बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०:४० प्रमाणात उचलतात. वाद होतात, हप्ते लांबतात, पण कोणी किती द्यायचे हे लिहिलेले आहे. नव्याने बससेवा सुरू करणाऱ्या शहरांत नेमके तेच लिहिलेले नसते. ‘पेमेंट सिक्युरिटी मेकॅनिझम’ आहे की, असे यावर कोणी म्हणेल. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यासाठी ३,४३५ कोटी ठेवले आहेत हे खरे. पण तो ठेकेदाराला दिलेला भरवसा आहे, शहराला दिलेले पैसे नव्हेत. शहराने बिल थकवले तर त्यातून ठेकेदाराचे भागते आणि रक्कम नंतर राज्याच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून थेट वळती होते. त्या निधीला उत्पन्नाच्या बाजूला बसवणारे तक्ते दिसतात, तेव्हा लेखा विभागाने ते पाहिलेच नसावेत अशी शंका येते.

दुसरी गोष्ट पैशांच्या हद्दींची. निधी एकत्र आणायचे याचा अर्थ ते मिसळायचे असा नाही. एकच बिल दोन योजनांच्या उपयोगिता प्रमाणपत्रांत दाखवता येत नाही आणि लेखापरीक्षणात तो आक्षेप वर्षानुवर्षे सुटत नाही. प्रत्येक निधीला कामाचा असा तुकडा द्यावा ज्याचे मोजमाप, बिल आणि पूर्णत्वाचा दाखला वेगळा निघू शकेल: बस एकाकडे, आगारापर्यंतची उच्चदाब वाहिनी आणि रोहित्र दुसऱ्याकडे, शेड आणि धुण्याची जागा तिसऱ्याकडे. अनुदानावर बँकेत जमलेले व्याजही आपले नसते. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार ते परत करावे लागते. ते स्वहिस्सा म्हणून दाखवण्याचा मोह टाळावा. क्रमही महत्त्वाचा आहे. जागेचा ताबा, महावितरणची जोडणी आणि मगच बसचा कार्यादेश. मंजुरीचे पत्र बसचे आधी येते म्हणून काम उलट्या टोकाने सुरू होते, आणि भरवशाच्या किलोमीटरचे कलम करारात असेल तर उभ्या बसचेही पैसे मोजावे लागतात.

हवेच्या निधीबाबत मी अधिक सावध आहे. वित्त आयोगाचा पैसा पीएम१० (हवेतले १० मायक्रॉनपर्यंतचे कण) मधली वार्षिक घट आणि चांगल्या हवेचे दिवस यांच्याशी बांधलेला होता. यंदा निकाल नाही तर पुढचा हप्ता कमी. असा हेलकावणारा पैसा रोजच्या किलोमीटरच्या देण्याला जोडणे धोक्याचे आहे. तो एकदाच होणाऱ्या, पुरी झाल्यावर देणे न उरणाऱ्या कामांवर खर्चावा: चार्जर, वाहिनी, आगार. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार या पैशातला ६४ टक्के वाटा धुळीवर गेला आणि वाहनांवर १३ टक्क्यांहूनही कमी. यामागे आळस आहे असे मला वाटत नाही. शहराची परीक्षा पीएम१० वर होते आणि रस्ता झाडला की पीएम१० लवकर हलतो. डिझेलच्या धुरातले कण त्याहून कितीतरी बारीक, फुप्फुसाला अधिक घातक आणि त्या मापात कमी दिसणारे. धूळ हा खरा प्रश्न असताना बसवर पैसा कशाला, या आक्षेपाला माझे उत्तर इथेच आहे. कमी दिसते ते माप तसे निवडल्यामुळे, घात कमी आहे म्हणून नव्हे.

सगळ्यात जोरदार आक्षेप नगरसेवकांचा असतो: इतका हिशेब करत बसलो तर योजनेची मुदत संपेल आणि शेजारचे शहर बस घेऊन जाईल. मुदतीची भीती खरी आहे. पण लोकसंख्येनुसार ठरलेली बसची संख्या ही कमाल मर्यादा असते, ती गाठलीच पाहिजे असे बंधन नाही. १३ कोटींची तूट पेलणार नसेल तर ५० बस घ्याव्यात. दुसरा आक्षेप असा की सार्वजनिक बस तोट्यातच चालते, त्यात नवल ते काय? मलाही तोट्याचे वावडे नाही. मात्र अंदाजपत्रकात न धरलेला तोटा फेब्रुवारीत उघडा पडतो, मग फेऱ्या कापल्या जातात आणि पहिली बंद होते ती कडेच्या वस्तीकडे जाणारी रात्रीची बस. तिसरा आक्षेप लहान महापालिकांचा: चार योजनांचे चार हिशेब ठेवायला माणसे कुठून आणायची? त्यांनी चार घेऊ नयेत. दोन पुरतात, एक किलोमीटरसाठी आणि एक आगारासाठी. प्रतिकिलोमीटर रुपया-दीड रुपया देणारी तिसरी योजना तिच्या कागदपत्रांच्या खर्चासह तोलून पाहावी.

प्रस्तावातल्या फायद्यांच्या पानावर ‘पीएम१० मध्ये इतकी टक्के घट’ असे लिहू नये. १०० बसनी ते सिद्ध होणार नाही आणि पुढच्या हप्त्याच्या वेळी तेच वाक्य समोर ठेवले जाईल. वाचलेले डिझेल लिटरमध्ये लिहावे आणि कोणत्या जुन्या बस थांबल्या ते क्रमांकांसह द्यावे. नवी बस आल्यावर जुनी दुसऱ्या मार्गावर धावत राहिली तर हवेला मिळाले काय? सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नव्याने होत नाही. म्हणून नोंदणीकृत भंगार केंद्राचा प्रत्येक बसमागचा दाखला ठेकेदाराच्या पहिल्या बिलाआधी मागवून त्याच फाइलला जोडावा.